हेड गॅस्केट खरंच उडालंय का? इंजिन उघडण्याआधी हे तपासा

घाट चढताना जुन्या गाडीचा काटा लाल पट्ट्यात गेला, बॉनेटमधून वाफ आली आणि गॅरेजमध्ये ऐकायला मिळालं, "हेड गॅस्केट उडालंय, हेड उतरवावं लागेल." गॅस्केटची किंमत फार नसते. खिसा रिकामा होतो तो इंजिन उघडण्याच्या मजुरीने. म्हणून आधी खात्री करा.

हेड गॅस्केट इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामध्ये बसतं. सिलिंडरमधला दाब, कूलंट आणि ऑइल यांना ते एकमेकांत मिसळू देत नाही. मारुती ८०० सारख्या गाड्यांचं हेड ॲल्युमिनियमचं असतं. इंजिन फार तापलं की ते वाकतं आणि गॅस्केटची पकड सुटते. म्हणजे गॅस्केट हा बऱ्याचदा परिणाम असतो. मूळ कारण बंद पडलेला फॅन, अडकलेला थर्मोस्टॅट, वॉटर पंप किंवा चोंदलेला रेडिएटर यांत असतं. ते न शोधता नवं गॅस्केट टाकलं, तर तेही जाईल.

ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा पांढरा थर दिसला की लोक घाबरतात. पण गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल, तर नुसत्या दमटपणानेही तो जमतो. डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ असेल, तर मात्र गाडी सुरू करू नका. थंडीत सकाळी सायलेन्सरमधून थोडी वाफ येणंही साधी गोष्ट आहे. इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि बाहेर कुठे गळती नसताना कूलंट कमी होत असेल, तर संशय पक्का होतो.

खात्रीसाठी मेकॅनिककडे ब्लॉक टेस्टची मागणी करा. यात रेडिएटरच्या तोंडावर निळं द्रावण असलेली नळी धरतात. सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये येत असेल, तर पेट्रोल गाडीत ते पिवळं पडतं. सोबत कूलिंग सिस्टीमची प्रेशर टेस्ट आणि कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचं कॉम्प्रेशन कमी आलं, तर गॅस्केट बहुधा त्यांच्यामध्येच फाटलेलं असतं.

गरम रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका. बंद सिस्टीममध्ये ०.९ बारच्या जास्तीच्या दाबाखाली साधं पाणीही ११८ अंशांच्या आसपास उकळतं. झाकण सैल होताच ते तोंडावर उसळतं. काटा चढला की एसी बंद करा, गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा आणि निदान तासभर थांबा. "जवळच तर आहे" म्हणत तशीच हाकलली, तर गॅस्केटचं काम हेड बदलण्यावर जातं. अशा वेळी टो करून नेणं स्वस्त पडतं.

बाटलीतल्या सीलरवर माझा भरवसा नाही. तो रेडिएटर आणि हीटरच्या बारीक नळ्याही बुजवू शकतो. गाडी विकायलाच काढली असेल, तरी घेणाऱ्याला ते सांगा.

हेड उतरवलंच, तर ते सपाट आहे का, हे पट्टी आणि फिलर गेजने मोजून घ्या. अनेक छोट्या इंजिनांत ०.०५ मिमीपेक्षा जास्त फरक चालत नाही. तेवढा निघाला तर फेसिंग करावं लागतं. बोल्ट टॉर्क रेंचनेच, कंपनीने दिलेल्या क्रमाने आवळलेले हवेत. ऑइल, फिल्टर आणि कूलंट त्याच वेळी बदलून घ्या.