मागच्या चाकांची गोष्ट

समुद्रपूर तालुका म्हणजे काळ्या मातीचा, कापसाचा मुलूख. पावसाळ्यात बंड्यांनी पाडलेली चाकोरी उन्हाळ्यात दगडासारखी वाळते. बंडीचा सांगाडा थेट आसावर टेकलेला. त्यामुळे गिरडच्या दर्ग्याला निघालेल्या मंडळींच्या हाडांपर्यंत प्रत्येक हिसका पोचायचा. खाली कडबा अंथरला, तरी तो कितीसा पुरणार?

यावर पहिला चांगला उपाय निघाला तो पोलादी कमानीचा. इंग्लंडात ओबाडाया इलियटने घोडागाडीच्या कमानीचे पेटंट १८०४ साली घेतले, आणि पुढे अशाच कमानी मोटारीखाली गेल्या.

आपल्याकडचे उदाहरण पाहा. मुंबईस कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात फियाट ११०० तयार होई. तीच पुढे ‘पद्मिनी’ झाली. तिची पुढची दोन चाके एकमेकांपासून मोकळी होती. मागे मात्र एकसंध आस, आणि त्याच्या दोन्ही टोकांशी एकावर एक रचलेले पाटे. या पाट्यांनी ओझे पेलायचे आणि आसही जागेवर धरायचा, अशी दुहेरी चाकरी! उसळी जिरवायला शॉक-अ‍ॅब्सॉर्बर, म्हणजे मिस्त्रीलोकांचा ‘शॉकप’. त्यातले तेल बारीक छिद्रांतून रेटले जाते, म्हणून गाडी खड्ड्यानंतर झुलत राहत नाही.

आता मागचीच बाजू एवढी अवघड का? कारण इंजिनाचा भार पुढे कायमचा असतो. मागचा मात्र सारखा बदलतो. आज ड्रायव्हर एकटा, तर उद्या मागे तिघेजण आणि डिकीत ट्रंका. पाटे मऊ ठेवले तर भरलेली गाडी बसते. कडक केले तर रिकामी गाडी उडते. त्यातून पद्मिनीची मागची चाके इंजिनाने फिरत, म्हणून दातेचक्रांचे वजनही आसावरच. असा जड आस उसळला की चाक जमीन सोडते, आणि जमीन सोडलेल्या चाकाला ब्रेक लावून काय उपयोग? तेव्हा हा प्रश्न नुसत्या आरामाचा नाही, जिवाचाही आहे.

१९८३ साली मारुती ८०० आली. तिचे इंजिन पुढचीच चाके फिरवी, त्यामुळे मागचा आस हलका झाला. तरी पहिल्या गाड्यांना पाटेच होते. १९८६च्या नव्या नमुन्यात कामाची वाटणी झाली: ओझे गुंडाळी स्प्रिंगांनी पेलायचे, आस दांड्यांनी धरायचा. १९९८ साली पुण्याच्या टाटा इंडिकाने मागच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र भुजा दिली. एक चाक खड्ड्यात गेले तरी दुसऱ्याला त्याची झळ कमी.

आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांनी मधला मार्ग धरला आहे. दोन्ही भुजांना जोडणारी एक आडवी तुळई असते. ती पीळ सोसते, म्हणून चाकांना थोडी मोकळीक मिळते. खर्च बेताचा, आणि डिकीलाही जागा उरते.

तेव्हा गाडी घ्यायची झाली तर एक करा. घरची माणसे बसवा, स्वतः मागे बसा, आणि जामच्या चौरस्त्यापर्यंत एक फेरी मारा. आजारी माणसाला नागपूरला न्यायची वेळ आली, तर ते मागच्याच सीटवर असणार आहे.