पाचशे माणसं म्हणजे किती?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक तक्ता केला होता. आंदोलन, साल, गर्दी. डिसेंबर १९३६ समोर ५००, मार्च २०१८ समोर ३० ते ५० हजार. खाली निष्कर्ष: ऐंशी वर्षांत शेतकऱ्यांचे मोर्चे किमान साठ पटीने वाढले. दिसायला छान होतं, पण चुकीचं.

१९३६ चा मोर्चा आपल्या भागातला. भुसावळजवळच्या फैजपूरला काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. तिथेच अखिल भारतीय किसान काँग्रेसचंही अधिवेशन होतं, एन. जी. रंगा यांच्या अध्यक्षतेखाली. त्यासाठी मनमाडहून सुमारे ५०० शेतकरी चालत आले. फैजपूरला त्यांच्या स्वागताला नेहरू, शंकरराव देव, मानवेंद्रनाथ रॉय, डांगे अशी मंडळी होती.

आता अंतर बघा. मनमाड ते भुसावळ रेल्वेने १८४ किलोमीटर, पुढे फैजपूर पंचवीस-तीस. हे लोक मात्र २०० मैलांहून जास्त, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटर चालले! रस्ता चुकले नव्हते. वाटेतल्या लोकांना किसान काँग्रेस कशासाठी आहे हे समजावत ते आले. म्हणजे ५०० हा चालणाऱ्यांचा आकडा. ज्यांनी थांबून ऐकलं, ते माझ्या तक्त्यात कुठेच नव्हते. आणि डिसेंबर म्हणजे खानदेशात कापूस वेचणीचे दिवस. तेव्हा घर सोडून इतकं चालणारा एक माणूस आणि संध्याकाळी सभेला येऊन जाणारा एक माणूस, दोघांना एकेकच मोजायचं का?

२०१८ चा मोर्चा नाशिकहून ६ मार्चला निघून १२ मार्चला मुंबईत पोचला, सुमारे १८० किलोमीटर. वाटेत लोक मिळत गेले, त्यामुळे निघतानाचा आणि पोचतानाचा आकडा एक नाही. बातमीत बहुतेक वेळा शेवटचाच येतो.

मैदानावरची सभा मोजायची ढोबळ पद्धत अमेरिकेतल्या हर्बर्ट जेकब्स यांनी १९६० च्या दशकात सांगितली: विरळ गर्दीत माणशी १० चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार. आपल्या हिशोबात एका गुंठ्यात विरळ उभे राहिले तर ११० माणसं, दाटीत २४०. मैदान तेच, आकडा दुप्पट. त्यात आयोजकाला आकडा मोठा हवा असतो. पोलिसांचा नेहमी लहानच असतो असं मात्र धरू नका, जादा बंदोबस्त मागायचा असेल तर तोही फुगतो. आणि अधिवेशन दोन-तीन दिवसांचं असेल तर रोजची बेरीज करताना मुक्कामी माणूस दोन-तीनदा मोजला जातो.

तक्त्यातला ‘गर्दी’ हा रकाना मी शेवटी काढून टाकला. आता तिथे ‘किती’, ‘कुठे मोजले’, ‘कोणी मोजले’ आणि ‘किती चालले’ असे चार रकाने आहेत. शेवटच्या रकान्यात फैजपूरची ओळ सगळ्यात वर गेली.