नाव नसलेला चेहरा, चेहरा नसलेले नाव

चीनमधील थांग राजवटीच्या (इ.स. ६१८–९०७) काळातील झिलईदार मृण्मूर्ती पाहताना आपली नजर प्रथम उंटावर खिळते. मान उंचावलेली, तोंड उघडे. पिवळसर, हिरवा आणि पांढुरका रंग एकमेकांत ओघळलेले. शिसेयुक्त झिलई भट्टीत वितळून वाहते, आणि त्या ओघळण्यालाच या कारागिरांनी सौंदर्य मानले. शिआन येथे १९५७ साली उत्खनन झालेल्या, इ.स. ७२३ मधील एका सेनाधिकाऱ्याच्या थडग्यात उंटाच्या पाठीवर वादकांचा मेळाच बसलेला आढळला. त्यांतल्या काहींचे डोळे खोल आणि दाढ्या दाट आहेत. ही मंडळी पश्चिमेकडून आलेली.

अशाच अनेक थडग्यांतून परदेशी व्यापाऱ्यांच्या आणि उंटवाल्यांच्याही मूर्ती निघाल्या. चेहरा इतका जिवंत, पण त्या माणसाचे नाव मात्र कोठेच नाही. मूर्ती घडली ती मृताच्या वैभवाची खूण म्हणून. प्रवासी तेथे उंटाइतकाच त्या वैभवाचा भाग होता.

आता आपण आपल्याकडे वळू. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात कन्नडजवळ पितळखोऱ्याची लेणी आहेत. तेथील स्तंभांवरील इसवी सनापूर्वीच्या प्राकृत लेखांत प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, गंधिक कुळातील मितदेवाने दान दिल्याची नोंद आहे. गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. पुढे, इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ सांगतो, की पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर आहे आणि तेथून गोमेदासारखे दगड गाड्यांतून बंदराकडे जातात. त्या गाड्या हाकणाऱ्यांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत. मितदेवाचे नाव उरले ते त्याने स्तंभ दिला म्हणून; त्याचा चेहरा मात्र कोणी कोरला नाही.

चेहरे हवे असतील तर अजिंठ्याला जावे. पहिल्या लेण्याच्या छतावर टोपी घातलेले, मद्यपात्र हाती धरलेले परदेशी आहेत. सतराव्या लेण्यातील गर्दीतही परके पेहराव दिसतात. फर्ग्युसनने १८७९ साली पहिल्या लेण्यातील एका दृश्यात पुलकेशीच्या दरबारी आलेला इराणी राजदूत ओळखला. पुढे या चित्रांचा काळ पाचव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मागे गेला आणि ती ओळख टिकली नाही. चेहऱ्याला नाव देण्याची घाई अशी अंगाशी येते.

आम्हांलाही तोच मोह होतो: मितदेवाचे नाव अजिंठ्यातील एखाद्या दाढीवाल्या चेहऱ्याला जोडून गोष्ट पूर्ण करावी. पण त्या दोहोंमध्ये पाच-सहाशे वर्षांचे अंतर आहे. कादंबरीकाराने ते खुशाल ओलांडावे. इतिहास वाचणाऱ्याने मात्र ती रिकामी जागा रिकामीच ठेवावी. चिनी उंटवाल्याला नाव नाही आणि मितदेवाला चेहरा नाही, ही उणीवच सांगते की त्या दोन समाजांनी कोणाला, आणि कशासाठी, स्मरणात ठेवण्याजोगे मानले.