पथ्य सोडायचं कधी? खाणं वगळण्याचा थोडा इतिहास



पत्रिकेवर विषय छापला आहे तो ‘पचन आणि आहार’. आम्ही डॉक्टर नाही, वैद्यही नाही. इतिहासाची आवड असलेली माणसं आहोत आम्ही. तेव्हा काय खावं, काय खाऊ नये, हे सांगायला आलेलो नाही. पोट बरं राहावं म्हणून माणसांनी ताटातले पदार्थ कसे कमी केले, आणि मुख्य म्हणजे कमी केलेले पदार्थ परत कधी वाढून घेतले, एवढंच आज बघायचं आहे. हल्ली याला ‘एलिमिनेशन डाएट’ म्हणतात. संशय असलेले पदार्थ काही आठवडे बंद करायचे, मग एकेक करून परत घ्यायचे आणि कुठल्याने त्रास होतो ते शोधायचं. यातला पहिला भाग सगळ्यांना पाठ असतो. दुसरा भाग विसरला जातो. आजचं व्याख्यान त्या विसरलेल्या भागाबद्दल आहे.

घरातल्या गोष्टीपासून सुरुवात करतो. आमची एक आत्या इथेच, भिवंडीत राहायची. पोटात गुबारा धरायचा, जेवण झालं की कळ यायची. कुणीतरी तिला एका कागदावर यादी लिहून दिली. गहू बंद, दूध बंद, तूरडाळ, वांगं, बटाटा, आंबट बंद. महिनाभरात तिला बरं वाटलं. तो कागद तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आणि अकरा वर्षं पाळला. लग्नाकार्यात स्वतःचा डबा घेऊन यायची. भात, मुगाचं पाणी, दुधी. एकदा चक्कर येऊन मोरीत पडली तेव्हा रक्त तपासलं, तर अंगात रक्तच नव्हतं म्हणायचं. नव्या डॉक्टरने तो कागद मागितला. दुमडलेली खालची कड उलगडली तर तिथे लिहिलं होतं, ‘१५ दिवसांनी दाखवणे’.

आता ज्यांनी कागद लिहिला त्यांचं चुकलं की आत्याचं, या वादात आम्ही पडत नाही. पण त्या दुमडलेल्या ओळीने आम्हाला कामाला लावलं. पथ्याला मुदत असते ही गोष्ट आपल्याकडे कधी नव्हतीच, की होती आणि हरवली?

होती, चांगली ठसठशीत होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सातव्या अध्यायात सवयीच्या अहितकर गोष्टी कशा सोडाव्यात ते सांगितलं आहे. एकदम तोडायचं नाही. चौथा हिस्सा सोडायचा, त्या जागी चौथा हिस्सा हितकर आणायचा, मध्ये दिवसांचं अंतर ठेवायचं. याला पादांशिक क्रम म्हणतात. आणि शोधन झाल्यावर, म्हणजे वमन-विरेचन झाल्यावर, खाण्याकडे परत येण्याचा जिना वेगळा आहे. आधी पेया, मग विलेपी, मग बिनफोडणीचं यूष, मग फोडणीचं, मग मांसरस. शोधन चांगलं झालं असेल तर बारा जेवणांत, म्हणजे साधारण सात दिवसांत, माणूस नेहमीच्या ताटावर. लक्षात घ्या, उपासाइतकीच, किंबहुना जास्त काळजी परतीच्या वाटेवर घेतली आहे. कोकणात आजारी माणसाला पेज, मग आटवल, मग मऊभात-मेतकूट अशा पायरीने चढवत नेतात, तो याच घराण्यातला प्रकार. टायफॉइडला आपले लोक मुदतीचा ताप म्हणायचे. नावातच मुदत होती.

धर्माच्या अंगाने बघा. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं बंद करणारी घरं अजून आहेत. आषाढ शुद्ध नवमीला, एकादशीच्या आधी, कांदेनवमी. त्या दिवशी कांद्याची भजी, कांद्याची थालीपीठं, भरलेले कांदे, पोटभर खाऊन घ्यायचं. वांग्याची वाट मोकळी होते ती मार्गशीर्षात चंपाषष्ठीला, खंडोबाच्या नैवेद्याला भरीत-रोडगा झाला की. सोडण्याचाही सण आणि परत घेण्याचाही सण! आपल्या तालुक्यातल्या अनेक आगरी-कोळी घरांत श्रावणात मासळी बंद असते, ती परत कधी सुरू करायची हे घरातल्या पोरांनासुद्धा ठाऊक असतं. मोहल्ल्यात जा. युनानी हकीम दवेबरोबर ‘परहेज’ सांगतात. आणि रोज्याला मगरिब आहे, महिन्याला ईद आहे.

इथे एक थांबा घेऊ. व्याख्यान झालं की कुणीतरी येऊन म्हणतंच, ‘बघा, आपल्या पूर्वजांना सगळं विज्ञान ठाऊक होतं.’ नाही हो. कांदेनवमी पोटाच्या विकारासाठी नव्हती, व्रतासाठी होती. व्रतात मन आवरायचं असतं, कुठल्या पदार्थाने काय होतं ते शोधायचं नसतं. चरकाचा पादांशिक क्रमसुद्धा सवय बदलण्यासाठी आहे, गुन्हेगार पदार्थ पकडण्यासाठी नाही. पदार्थ बंद करून शरीराला प्रश्न विचारायचा, आणि परत देऊन उत्तर ऐकायचं, ही पद्धत विसाव्या शतकातली. पण परतीचा दिवस ठरवण्याची सवय मात्र आपल्याकडे जुनी आहे, एवढंच आमचं म्हणणं.

ती पद्धत आली कुठून? १९०६ साली व्हिएन्नातल्या क्लेमेन्स फॉन पिर्के नावाच्या डॉक्टरने ‘ॲलर्जी’ हा शब्द घडवला. त्यानंतर त्वचेवर ओरखडा काढून चाचण्या सुरू झाल्या. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचे डॉ. अल्बर्ट रो यांच्या लक्षात आलं की अन्नाच्या बाबतीत या चाचण्या पुष्कळदा फसतात. त्यांनी १९२०च्या दशकात उलटी वाट धरली. ज्या पदार्थांनी सहसा कुणाला त्रास होत नाही असे मोजके पदार्थ द्यायचे. त्यांच्या एका आहारात तांदूळ, मेंढीचं मटण, गाजर, पेअर असे पदार्थ होते. लक्षणं थांबली की एकेक पदार्थ परत आणायचा. १९४१ साली त्यांचं या आहारांवरचं पुस्तक निघालं. म्हणजे ‘एलिमिनेशन’ हा शब्द जरी वगळण्याचा असला तरी रो यांचं निदान व्हायचं ते परत वाढताना.

आता आपल्या मातीतल्या सगळ्यांत मोठ्या आहारप्रयोगीकडे येऊ. गांधीजी. माणूस गुजराती खरा, पण त्यांच्या पोटाच्या इतिहासाचे महत्त्वाचे अध्याय माथेरान, मुंबई, पुणे, वर्धा इथे घडले.

दक्षिण आफ्रिकेत कस्तुरबा आजारी होत्या. गांधीजींनी त्यांना मीठ आणि डाळी सोडायला सांगितलं. त्या म्हणाल्या, तुम्हाला सांगितलं तर तुम्हीही सोडणार नाही. झालं! गांधीजींनी तिथल्या तिथे वर्षभरासाठी दोन्ही सोडलं. बाई कळवळल्या, पण शब्द गेला होता. वर्ष संपलं, तरी त्यांनी ते लगेच परत सुरू केलं नाही. १९१२ मध्ये टॉलस्टॉय फार्मवर दूध सोडलं, आणि पुढे त्याचं व्रत झालं. इथे प्रयोग आणि व्रत यांची गाठ बसली. प्रयोगात ‘बघू या’ असतं, व्रतात ‘मरेपर्यंत’ असतं.

१९१८ साली खेड्यात सैन्यभरतीसाठी फिरताना त्यांना जबर आमांश झाला. माणूस मरणाच्या दारात. औषध नको, दूध नको. हवापालट म्हणून माथेरानला आले. तिथलं पाणी जड, मानवलं नाही, आठवडाही पुरा न होता खाली उतरावं लागलं. मुंबईत डॉ. दलाल यांनी तपासलं आणि स्पष्ट सांगितलं की दूध घेतल्याशिवाय हे शरीर उभं राहणार नाही. गांधीजी म्हणाले, व्रत आहे. तेव्हा कस्तुरबांनी वाट काढली. व्रत घेतलं तेव्हा डोळ्यांसमोर गाय-म्हैस होती, मग शेळीचं दूध का चालू नये? त्यांनी ते घेतलं, उठून बसले, आणि रौलट कायद्याच्या लढ्याला लागले. पण आत्मकथेत कबुली दिली आहे की शब्द पाळला, व्रताचा आत्मा मोडला, आणि ते शल्य त्यांना कायम टोचत राहिलं.

आमच्या मते या प्रसंगातली खरी आहारतज्ज्ञ कस्तुरबा आहेत. बंद केलेला पदार्थ परत कसा आणायचा, तोही ज्याने बंद केला त्याचा मान राखून, हे घरातल्या बाईलाच सुचलं. पुस्तकांत मात्र हा प्रसंग बहुतेक शेळीच्या दुधाची गोष्ट म्हणूनच सांगतात.

गांधीजींचं मोठेपण असं की फसलेला प्रयोगही ते छापायचे. १९२९ मध्ये न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला, मोड आलेली धान्यं वगैरे. पुन्हा पोट बिघडलं, परत शेळीच्या दुधावर यावं लागलं, आणि हे सगळं त्यांनी ‘यंग इंडिया’त लिहिलं. १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीन खाऊन बघितलं. १९४२ मध्ये पुण्याला आगाखान पॅलेसच्या कैदेत ‘आरोग्याची गुरुकिल्ली’ लिहिली. तिथे दुधाबद्दलचं त्यांचं बोलणं नरम आहे. दूध नको असं मन म्हणतं, पण अनुभव त्याला साथ देत नाही, असा तो सूर. १९४६ मध्ये उरुळी कांचनला राहून निसर्गोपचाराचं काम सुरू केलं, ते पुढे मणिभाई देसाईंनी वाढवलं.

त्याच सुमारास तिकडे युरोपात काय चाललं होतं ते थोडक्यात सांगतो. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात दुष्काळ पडला, पाव मिळेना. विलेम डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञांना गव्हाबद्दल आधीपासूनच संशय होता. सीलिॲक आजाराची मुलं पावाविना सुधारतात आणि पाव आला की परत ढासळतात, हे त्यांना दिसलं. १९५० साली त्यांनी उत्रेख्तला प्रबंध सादर केला. या आजारात गहू जन्मभर बंद, तिथे परतीचा जिना नाही. तो अपवाद ओळखायचाच असतो. अलीकडचं फॉडमॅप नावाचं प्रकरण मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातलं, २००५ पासूनचं. कांदा, लसूण, गहू, कडधान्यं, दूध, आंबा, कलिंगड यांतल्या आंबणाऱ्या साखरा दोन ते सहा आठवडे कमी करायच्या. फरक पडला नाही तर ते पथ्यच सोडून द्यायचं. पडला, तर एकेक गट तीन-तीन दिवस, वाढत्या प्रमाणात परत घेऊन बघायचा. तिथेही मुद्दा परतीचा.

आता आपलं गाव. आमच्या आजीच्या पिढीत भिवंडीच्या आसपास रोजच्या जेवणात गहू फारसा नव्हता. तांदळाची भाकरी, भात, वाल, मासळी. पोळी सणाला. रेशनचा गहू आला, मग अमेरिकेचा पीएल-४८० चा आला, आणि पोळी रोजची झाली. त्यामुळे इथल्या जुन्या घराला ‘गहू बंद’ सांगितलं तर फार बिघडत नाही. आजीच्या ताटाकडे परत जायचं.

पण १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईचं किती काम या गावातल्या मागांवर आलं ते तुम्हाला सांगायला नको. त्या मागांवर उत्तर प्रदेशातला, बिहारमधला, तेलंगणातला माणूस उभा आहे. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवस, एक आठवडा रात्र. जेवण खाणावळीत, महिन्याच्या हिशोबावर. डाळ, रोटी, भात, एक भाजी. भाजीत कांदा-लसूण आधीच पडलेला. त्याला यादी लिहून देणाऱ्याने विचार केला आहे का, की गहू आणि डाळ काढली तर त्या थाळीत उरलं काय? सगळ्या आहारप्रयोगांचा इतिहास हा स्वतःची चूल असलेल्यांचा, किंवा आश्रमाचं स्वयंपाकघर हाताशी असलेल्यांचा इतिहास आहे. डॉ. रो यांचे रुग्णही स्वतःच्या घरी जेवणारे. दोन पाळ्यांत झोपणाऱ्याच्या पोटाची तक्रार किती अन्नाची आणि किती झोपेची, हे यादीवरून कळत नाही.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत, त्या घेतो.

एका ताईंनी विचारलं आहे, मुलाचं पोट सारखं दुखायचं म्हणून चार महिन्यांपासून गहू बंद केला आहे, बरं आहे, आता तपासणी करू का? ताई, ही गोष्ट आम्ही डॉक्टरांकडून ऐकलेली आहे ती सांगतो. सीलिॲकची रक्ततपासणी गहू चालू असतानाच नीट कळते. बंद केल्यावर आजार असूनही ती नसल्यासारखी येऊ शकते. म्हणून बालरोगतज्ज्ञाकडे जा, चार महिने बंद आहे हे आधी सांगा, परत किती आणि किती दिवस द्यायचा ते तेच ठरवतील. मनाने सुरू करू नका, आणि मनाने जन्मभर बंदही ठेवू नका. वाढत्या वयाचं पोर आहे. त्याचं वजन लिहून ठेवा.

दुसरी चिठ्ठी एका कारागिराची आहे. ‘खाणावळीत जेवतो, पोट फुगतं, काय सोडू?’ आधी एक सांगतो. वजन उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल, ताप येत असेल, तर काहीही न सोडता उद्याच सरकारी दवाखान्यात जा. तसं नसेल, तर थाळीला हात लावू नका, ती आधीच लहान आहे. तुमच्या हातात असलेली एकच गोष्ट आम्हाला दिसते, ती म्हणजे पाळीतला दुधाचा चहा. दिवसाला सहा-आठ कप होतात. दोन आठवडे काळा चहा घ्या, बाकी सगळं तसंच. रोज रात्री पोट कसं होतं ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवा. आणि पंधराव्या दिवशी दुधाचा एक कप घेऊन बघा.