चलनावरचा चुकलेला आकडा आणि न्हावा शेव्याचा धक्का

चाकणहून निर्यातीचा कंटेनर निघाला की तळेगाव, बोरघाट, पनवेल करत न्हावा शेव्याला पोचतो. २७ जून २०१७ रोजी तिथलं मर्स्क समूहाचं गेटवे टर्मिनल्स इंडिया ठप्प झालं. संप नव्हता, वादळही नव्हतं. संगणक बंद पडले होते.

याची एक मुळी विंडोजच्या एका ड्रायव्हरमध्ये आहे. नेटवर्कवरून फाइली वाटणारा हा ड्रायव्हर थेट कर्नेलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात चालतो. त्यातली चूक आपण गोदामाच्या भाषेत समजून घेऊ. चलनावर १२,००० नग लिहिलेत. तपासल्यावर ९५० च चांगले निघाले. कारकुनाने फक्त शेवटचे तीन आकडे बदलले, पुढचे १२ तसेच राहिले. चलन झालं १२,९५०! रॅक मात्र ९५० नगांचाच. हमाल चलन बघून माल उतरवत राहिला आणि शेजारचा रॅकही भरून वाहिला. यालाच बफर ओव्हररन म्हणतात. गाभ्यात असं झालं की हल्लेखोराच्या हातात अख्ख्या यंत्राच्या किल्ल्या येतात.

अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने या चुकीवर बेतलेलं 'इटर्नलब्लू' हे हत्यार स्वतःजवळ ठेवलं होतं. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला दुरुस्ती दिली. बरोबर एक महिन्याने 'शॅडो ब्रोकर्स'ने ते हत्यार उघड्यावर टाकलं. १२ मे पासून 'वॉनाक्राय' पसरलं, चेन्नईजवळचा रेनॉ-निस्सानचा कारखानाही त्यात सापडला. जूनमध्ये युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून 'नॉटपेट्या' निघालं आणि मर्स्कमार्फत आपल्या किनाऱ्यावर आलं. मर्स्कला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले.

आता तुम्ही विचाराल, दुरुस्ती साडेतीन महिने आधीच आली होती ना? आली होती. पण कारखान्यात मशीनचा संगणक मशीनइतकाच जगतो. लाइन थांबवून अपडेट कोण करणार? शिवाय नॉटपेट्या पासवर्डही चोरत असे. एक यंत्र उघडं सापडलं की त्यावरचे पासवर्ड घेऊन ते शेजारच्या दुरुस्त केलेल्या यंत्रातही शिरायचं.

म्हणून मला हा इतिहास फक्त संगणकांचा वाटत नाही. कारकुनी चूक एकाची, ती लपवून ठेवणारा दुसरा, अपडेट टाळणारा तिसरा. आणि कंटेनर अडकतो तो चौथ्याचा. भोसरीतला छोटा पुरवठादार हा नेहमी चौथा असतो. पुढच्या वेळी 'अपडेट नंतर करू' म्हणताना त्याची आठवण ठेवा.