औद्योगिक वारसा आणि रात्रीची प्रकाशयोजना : डुइसबर्गचा अनुभव
जर्मनीतील रूर खोऱ्यात, डुइसबर्ग शहराच्या माइडरिख भागात १९०१ मध्ये थिसेन यांचा लोखंडाचा कारखाना स्थापन झाला. वितळलेले लोखंड बाहेर काढताना झोतभट्ट्यांची तांबूस आभा रात्री पसरत असे. तो प्रकाश उत्पादनाचा होता. युरोपीय पोलाद उद्योगातील अतिरिक्त क्षमतेमुळे १९८५ मध्ये कारखाना बंद पडला. तो पाडण्यास नागरिकांनी विरोध केला आणि पीटर लाट्झ यांच्या आराखड्यानुसार १९९४ मध्ये तेथे उद्यान खुले झाले. १९९६ मध्ये ब्रिटिश प्रकाशयोजनाकार जोनाथन पार्क यांनी भट्ट्या व धुराडी रंगीत दिव्यांनी उजळली. टाकाऊ ठरलेली वास्तू शहराची ओळख बनली. तथापि या प्रकाशात वास्तूचा आकार दिसतो, तेथील श्रम मात्र अंधारातच राहतात. म्हणून औद्योगिक वारशाचे जतन करताना प्रकाशयोजनेइतकेच कामगारांच्या आठवणींचे संकलनही आवश्यक ठरते.