नावाखालची ओळ

आजचा भाग एका व्हिजिटिंग कार्डापासून सुरू करतो. आजोबा गेल्यावर आजीच्या पैशांचं बघायला सांगलीच्या घरी एक गृहस्थ यायचे. कार्डावर नावाखाली छापलेलं होतं, 'सिनियर सिटिझन फायनान्शियल अ‍ॅडव्हायझर'. आजीला वाटलं आपण एफडी केली. हातात पडली ती दरवर्षी हप्ता मागणारी विमा पॉलिसी. गृहस्थांविषयी आज बोलायचं नाहीये. मला छळत होती ती नावाखालची ओळ. म्हाताऱ्या माणसांना सल्ला देण्याची पदवी असते का? आणि असलीच तर देतं कोण? शोधत शोधत पोहोचलो थेट अमेरिकेत, कोलोरॅडोमधल्या डेन्व्हरला.

पण आधी थोडं मागे जाऊ. १२ डिसेंबर १९६९. लॉरेन डंटन नावाच्या माणसाने शिकागोच्या विमानतळाजवळ एक बैठक बोलावली, माणसं जमली १३. विमा आणि म्युच्युअल फंड विकण्याच्या धंद्याला डॉक्टर-वकिलांसारखी प्रतिष्ठा मिळवून द्यायची, असा बेत होता. त्यातून डेन्व्हरला एक कॉलेज उभं राहिलं आणि १९७३ मध्ये 'सर्टिफाइड फायनान्शियल प्लॅनर' म्हणून पहिले ४२ जण बाहेर पडले. सुरुवातीला शिकवणार कॉलेज, परीक्षा घेणार कॉलेज आणि प्रमाणपत्रही देणार कॉलेजच. १९८५ मध्ये प्रमाणपत्राचं काम एका स्वतंत्र मंडळाकडे गेलं. ऐकायला हा कारकुनी फरक वाटतो, पण सगळी गोष्ट इथेच अडकलेली आहे. ज्याची कमाई कोर्सच्या फीवर, तो विद्यार्थी नापास कशाला करेल? आमच्याकडे सॉफ्टवेअरमध्येसुद्धा ज्याने कोड लिहिला त्यालाच तो तपासायला देत नाहीत.

दरम्यान बाजार बदलत होता. १९७८ च्या करकायद्यातल्या ४०१(के) या कलमामुळे हळूहळू कंपनीच्या बांधील पेन्शनऐवजी कामगाराच्या स्वतःच्या खात्यात पैसे साठू लागले. आधी निवृत्त माणसाला महिन्याला चेक यायचा, आता एकगठ्ठा रक्कम हातात. ती कुठे ठेवायची हे त्याचं त्याने ठरवायचं. आणि १९९५ च्या सुमाराला एक नवं उत्पादन आलं, शेअर निर्देशांकाला जोडलेली अ‍ॅन्युइटी. विकणाऱ्याला कमिशन घसघशीत. घेणाऱ्याने मुदतीआधी पैसे काढले तर दंड, आणि ही दंडाची मुदत काही योजनांत दहा वर्षांच्याही पुढे. पंचाहत्तरीच्या बाईला दहा वर्षं पैसे अडकवायला सांगायचं म्हणजे काय, ते तुम्हीच बघा.

अशा वेळी, १९९७ मध्ये, डेन्व्हरलाच 'सोसायटी ऑफ सर्टिफाइड सिनियर अ‍ॅडव्हायझर्स' स्थापन झाली. कल्पना वाईट नव्हती. वार्धक्यात शरीराचं, मनाचं, घराचं, पैशांचं काय होतं हे त्या माणसांशी रोज काम करणाऱ्यांना शिकवायचं. घरपोच सेवा देणारे, घरं विकणारे असे लोकही हा कोर्स करत. पण म्हातारपणाची भीती कशाची असते, हे कळल्यावर त्या माहितीचा उपयोग दोन्हीकडे होतो. जुलै २००७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने यावर मोठा लेख छापला. मोजक्या दिवसांचा वर्ग, मग पर्यायी उत्तरांची परीक्षा, आणि अशा बिरुदांच्या जोरावर वृद्धांना विकल्या जाणाऱ्या अ‍ॅन्युइटी. दुसऱ्या काही संस्थांची बिरुदं तर याहून स्वस्तात मिळत होती.

त्याच सप्टेंबरमध्ये नियामकांनी फुकट जेवणाच्या सेमिनारांचा अहवाल काढला. निवृत्तांना हॉटेलात बोलवायचं, जेवू घालायचं, 'शिक्षण' द्यायचं. ११० कंपन्या आणि शाखा तपासल्या. शिक्षण म्हणून चाललेले कार्यक्रम सगळेच्या सगळे विक्रीचे निघाले. निम्म्या ठिकाणी जाहिरातीत अतिशयोक्ती किंवा दिशाभूल, आणि १३ टक्के ठिकाणी चक्क फसवणुकीची चिन्हं.

मॅसॅच्युसेट्सने २००७ मध्येच अशा बिरुदांवर नियम केला होता. मार्च २००८ मध्ये राज्यांच्या सिक्युरिटीज नियामकांच्या संघटनेने, म्हणजे नासाने (अवकाशवाली नव्हे!), एक नमुना नियम तयार केला. मला तो फार आवडतो, कारण तो 'अभ्यासक्रम कठीण करा' असं म्हणतच नाही. तो बिरुद देणाऱ्या संस्थेचीच झडती घेतो. तिचं मुख्य काम विक्रीकला शिकवणं आहे का? पात्रता तपासायचे धड निकष आहेत का? बिरुद मिळाल्यावर गैरवागणूक केली तर कारवाई होते का? पुढे शिकत राहण्याची अट आहे का? स्वतःच स्वतःला बहाल केलेलं बिरुद तर थेट बाद. बाहेरच्या मान्यताप्राप्त यंत्रणेने तपासलेल्या बिरुदाला मात्र सवलत. पुढे त्या डेन्व्हरच्या बिरुदानेही अशी बाहेरची मान्यता मिळवली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

गोंधळ तरीही संपला नाही. अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण विभागाने एप्रिल २०१३ मध्ये अहवाल दिला, तेव्हा ज्येष्ठांसाठीची अशी पन्नासहून जास्त बिरुदं बाजारात होती. सामान्य माणसाने कुठलं खरं मानायचं?

त्याच वर्षी आपल्याकडे सेबीचे गुंतवणूक सल्लागारांचे नियम आले. नोंदणीसाठी एनआयएसएमचं प्रमाणपत्र लागतं. ही संस्था आपल्या पाताळगंगेला आहे आणि सेबीनेच काढलेली आहे. तिचं प्रमाणपत्र तीन वर्षांनी जुनं होतं. २०२० मध्ये सेबीने शब्दांनाही हात घातला: नोंदणी नसलेल्या वितरकाने स्वतःला 'इंडिपेंडंट फायनान्शियल अ‍ॅडव्हायझर' किंवा 'वेल्थ अ‍ॅडव्हायझर' म्हणवून घ्यायचं नाही. पण या नियमांत 'सिनियर सिटिझन' हा शब्द नाही. शिवाय हे सगळं शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या जगातलं. विम्याचा नियामक वेगळा, एजंटाचं प्रशिक्षण वेगळं.

कार्ड आजीने पासबुकांच्या डब्यात अजून ठेवलंय. मागच्या दिवाळीत उलटून पालटून बघितलं. एका बाजूला नाव, ती ओळ आणि दोन मोबाइल नंबर. मागच्या बाजूला गणपती आणि पुढच्या वर्षाचं छोटं कॅलेंडर. नोंदणी क्रमांक कुठेच नव्हता. "तू आत्ता बघतोयस," आजी म्हणाली, "मी तेव्हा चष्मा घरात शोधत होते."